पाच रुपयांचा स्टॅम्प आणि सत्त्याऐंशी लाखांचं घर

वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक माणसाने एकच प्रश्न विचारला. "कितीला पडलं?" आणि मला अजूनही त्याचं सरळ उत्तर देता येत नाही. सत्त्याऐंशी म्हणावं तर खोटं, पंच्याण्णव म्हणावं तर समोरचा म्हणतो, "कोथरूडात? जुन्या बिल्डिंगमध्ये? लिफ्ट नाही? फसलास!"

तर झालं असं, की २०२३ च्या दिवाळीआधी आम्ही दोघं भाड्याच्या घराला कंटाळून फ्लॅट शोधायला लागलो. नवीन स्कीम परवडेनात आणि ज्या परवडत होत्या तिथून ऑफिसला जायचं म्हणजे रोजचा पुणे-लोणावळा प्रवास. शेवटी एजंटने कोथरूडमधली एक तीन मजली सोसायटी दाखवली. दुसरा मजला, दोन बेडरूम, खिडकीबाहेर बकुळीचं झाड. मालक म्हणजे सत्तरीतले काका-काकू. काकूंचे गुडघे गेलेले, म्हणून लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये, मुलीच्या शेजारी जायचं ठरलेलं. तिथला फ्लॅट त्यांनी बुक केला होता आणि इथले पैसे आले की तिथे भरायचे होते. म्हणजे घाई त्यांनाही होती आणि आम्हालाही.

काकांनी सांगितले ब्याण्णव. मी आदल्या रात्री एक्सेल शीट करून गेलो होतो. (सवयच तशी. आमच्याकडे भाजी आणायची तरी बायको म्हणते, "शीट केलंस का?") एजंट म्हणत होता साडेआठशे स्क्वेअर फूट. मी टेप घेऊन मोजलं तर कार्पेट भरलं सहाशे चाळीस. साडेआठशेने भागलं तर ८७ लाखांच्या घराचा दर १०,२३५ पडतो आणि सहाशे चाळीसने भागलं तर १३,५९४. घर तेच, पैसे तेच, फक्त जिना आणि पॅसेज कुणाच्या हिशोबात धरायचे एवढाच फरक. गंमत म्हणजे फ्लॅट कार्पेट एरियावरच विकावा ही तरतूद महाराष्ट्रात १९८६ च्या दुरुस्तीनेच कायद्यात आली. तरी पुढची तीस वर्षं 'सुपर बिल्टअप' जोमात होता. २०१६ चा रेरा कायदा २०१७ मध्ये पूर्ण लागू झाला तेव्हा कुठे बिल्डरच्या जाहिरातीत कार्पेट छापून यायला लागला. रीसेलच्या एजंटांपर्यंत ते अजून पोचायचंय. असो.

मी चौऱ्याऐंशी म्हटलं. काका काही बोलले नाहीत. काकूंनी पोहे आणले. पोहे संपेपर्यंत हवामान, मुलाची नोकरी, बकुळ कुणी लावली वगैरे. मग काका म्हणाले, "ब्याण्णव म्हणजे अगदी ब्याण्णव नाही हो, पण चौऱ्याऐंशी म्हणजे फारच झालं." चहा होईपर्यंत सत्त्याऐंशीवर आलो. एक लाखाचा चेक दिला, काकांनी कोऱ्या कागदावर सुंदर अक्षरात विसारपावती लिहिली, तारीख घातली, सही केली. मला वाटलं, घर झालं.

कायद्याच्या दृष्टीने काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

आपल्याकडे घर घेण्याचे तीन शब्द आहेत: विसार, साठेखत, खरेदीखत. आणि तिन्हींचा अर्थ लोक 'घर घेतलं' असाच करतात. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मात्र फार कोरडा आहे. त्याचं ५४ वं कलम म्हणतं की शंभर रुपये किंवा जास्त किमतीची स्थावर मालमत्ता फक्त नोंदणी केलेल्या दस्तानेच विकली जाते, आणि विक्रीचा नुसता करार केला म्हणून त्या मालमत्तेत तुमचा कुठलाही हक्क तयार होत नाही. ते शंभर रुपये अजून तसेच आहेत बरं का! आता शंभर रुपयांत बकुळीचं रोपसुद्धा मुश्किलीने येईल. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. कुणीतरी कधीतरी एक आकडा लिहून ठेवतो, आणि हलवला तर काय कोसळेल या भीतीने पुढे कुणीच त्याला हात लावत नाही.

घराच्या खर्चाची यादी अशाच जुन्या ओळींनी भरलेली आहे, आणि प्रत्येक ओळीमागे कुणीतरी कुणाला तरी गंडवल्याची गोष्ट आहे. कधी सरकारला, कधी भाडेकरूला, कधी घर घेणाऱ्याला.

सगळ्यात मोठी ओळ मुद्रांक शुल्काची. पुण्यात मेट्रोचा एक टक्का धरून सात टक्के, म्हणजे आमचे ६ लाख ९ हजार. (फक्त बायकोच्या नावावर घेतलं असतं तर बायकांना असलेल्या सवलतीमुळे एक टक्का वाचला असता. ८७ हजार! मी शीटमध्ये तसा कॉलम केलासुद्धा. ती म्हणाली, "आणि तू काय, माझा भाडेकरू?" दोघांची नावं लागली.) कागदावर शिक्का मारून कर घ्यायची ही कल्पना १६२४ साली हॉलंडमध्ये निघाली. इंग्लंडने ती १६९४ मध्ये उचलली, फ्रान्सशी चाललेल्या लढाईचा खर्च भागवायला, फक्त चार वर्षांसाठी! ती चार वर्षं अजून संपलेली नाहीत. आपल्याकडे कंपनी सरकारने १७९७ मध्ये बंगालपासून सुरुवात केली. मग १८९९ चा देशभराचा कायदा, १९५८ चा मुंबई मुद्रांक अधिनियम, ज्याचं आता महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम असं नाव झालंय.

मला यातली वसुलीची पद्धत फार आवडली. हा कर भरला नाही म्हणून कुणी लगेच दारात येऊन उभं राहत नाही. कायदा एवढंच म्हणतो की पुरेसा मुद्रांक नसलेला कागद पुरावा म्हणून कोर्टात चालणार नाही. बास. तुम्ही आनंदात असाल तोपर्यंत कागद कपाटात सुखाने राहतो. भांडण झालं, कर्ज हवं झालं, विकायची वेळ आली की मग तो कागद बोलायला लागतो. तीस-चाळीस वर्षं गप्प बसून मग एरर देणारा प्रोग्रॅमच.

आमचा एरर आला नोव्हेंबरमध्ये. बँकेच्या वकिलाने काकांच्या घराची कागदपत्रं मागवली. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट ठीक, टॅक्सच्या पावत्या ठीक. बिल्डरबरोबरचा मूळ करार मात्र पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोंदणी नाही, आणि तारीख १८ जानेवारी १९८६. वकिलाने त्या तारखेभोवती पेनाने गोल केला.

काकांना काही कळेना. "अहो, तेव्हा सगळेच पाच रुपयांवर करायचे!" आणि हे खरं होतं. विक्रीचा करार म्हणजे काही विक्री नव्हे, म्हणून त्याला किरकोळ मुद्रांक पुरायचा. खरेदीखत झालं तर खरा मुद्रांक. मग लोकांनी सोपी युक्ती काढली, खरेदीखत करायचंच नाही. करार करा, पैसे द्या, ताबा घ्या, सोसायटीत नाव लावा. सरकारच्या हातात पाच रुपये. ही गळती बंद करायला महाराष्ट्राने कायदा बदलला. ज्या करारात ताबा दिलेला आहे किंवा पुढे द्यायचा आहे तो करार खरेदीखतच समजायचा आणि पूर्ण मुद्रांक घ्यायचा. हा बदल अमलात आला १० डिसेंबर १९८५ ला. काकांचा करार त्यानंतर साडेपाच आठवड्यांनी झालेला. बिल्डरकडे पाच रुपयांचे कागद शिल्लक असावेत बहुतेक... बिल्डरकडून फ्लॅट घेतानाच्या करारालाही हे लागू आहे की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९९ मध्ये सरकारच्या बाजूने सुटला. तोवर काका त्या घरात तेरा वर्षं राहिलेले, मुलीची दहावी झालेली.

कमी पडलेल्या शुल्कावर दंड दरमहा दोन टक्के. शीट उघडून ४५३ महिने मोजले. कायद्यात दंडाला कमाल मर्यादा आहे म्हणून ठीक, नाहीतर तुटीच्या नऊपट झाला असता. रक्कम तशी मोठी नव्हती, घराची मूळ किंमतच १ लाख ३५ हजार. पण हे निस्तरल्याशिवाय बँक कर्ज देणार नाही, कर्जाशिवाय काकांना पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत तर काकूंची लिफ्ट नाही. आम्ही घरमालकाला नोटीस देऊन बसलेलो ते वेगळंच.

मी (आता लाज वाटते) फोनवर म्हणालो, "काका, हा खर्च किमतीतून वजा करूया." पलीकडे बराच वेळ शांतता. मग काका म्हणाले, "मी कुणाचे पाच पैसे बुडवले नाहीत हो आयुष्यात." आणि फोन ठेवला.

त्या रविवारी डोंबिवलीला बाबांकडे गेलो होतो. सगळं ऐकून बाबा म्हणाले, "तुझ्या आजोबांनी पागडी दिली त्याची पावती विचार की मला."

आजोबांची गिरगावातली खोली. मुंबईत लढाईच्या काळात भाडी गोठवली गेली आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण मानलं. भाडेकरूला संरक्षण मिळालं ते चांगलंच झालं, नाहीतर गिरगावात गिरगावकर उरले नसते. पण खोलीची खरी किंमत काही गोठली नाही. ती कागदाबाहेर गेली. घरमालकाला भाडं मिळणार मूठभर, म्हणून खोली देतानाच एकरकमी पागडी घ्यायची. ती घेणं कायद्याने गुन्हा, म्हणून पावती नाही. आजोबांनी ती रक्कम गावाकडची आंब्याची सहा झाडं गहाण टाकून उभी केली आणि एका माणसाच्या हातात, जिन्यात, रुमालात बांधून दिली. पागडीला कायद्याने मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, ३१ मार्च २००० पासून. तोवर आजोबाही नव्हते आणि झाडंही.

बाबांनी १९८२ मध्ये डोंबिवलीला ओनरशिपचा फ्लॅट घेतला. 'ओनरशिप' या शब्दाची तेव्हा केवढी ऐट होती! ओनरशिप फ्लॅटचा कायदा १९६३ चा. त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की घरांची टंचाई आहे आणि फ्लॅट बांधणं-विकणं यातले गैरप्रकार वाढत चाललेत. बिल्डर पैसे घ्यायचे आणि लेखी काहीच द्यायचे नाहीत. म्हणून करार लेखी हवा, नोंदलेला हवा, पुढे वीस टक्क्यांहून जास्त आगाऊ घ्यायचे तर आधी करार हवा. (रेराने ते दहा टक्क्यांवर आणलं.) कायदा चांगला होता, बाबांच्या बिल्डरने मात्र सरळ सांगितलं, साठ टक्के चेकने आणि चाळीस टक्के 'वरचे'.

गृहकर्ज तेव्हा नुकतंच कुठे सामान्य माणसाच्या आवाक्यात येत होतं. एचडीएफसी १९७७ मध्ये निघाली, त्याआधी घर म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, एलआयसी नाहीतर सासरे. पण कर्ज मिळायचं ते कागदावरच्या किमतीवर. वरचे चाळीस टक्के कुठून आणणार? त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या. मला हे माहीतच नव्हतं. पाटल्या आजीने मोडल्या असंच मी समजत होतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊ दे ना, हातात रुततच होत्या."

तेव्हा कळलं की 'वरचे' पैसे दिल्याने घर घेणाऱ्याचा फायदाच होतो, कारण मुद्रांक कमी भरावा लागतो, हे एजंट लोकांचं पालुपद किती अर्धवट आहे. मुद्रांकात वाचलेले पैसे दिसतात. मोडलेलं सोनं कुठल्याच शीटमध्ये येत नाही.

सरकारलाही हे दिसत होतंच. १ ऑक्टोबर १९८६ पासून आयकर खात्याने मोठ्या शहरांतल्या मोठ्या व्यवहारांसाठी एक भन्नाट उपाय काढला. व्यवहार ठरला की दोघांनी मिळून ३७-आय नावाचा फॉर्म भरायचा आणि खात्याला किंमत कमी दाखवली आहे असं वाटलं, तर खातंच ती मालमत्ता त्या किमतीला विकत घेणार! म्हणजे तुम्ही दोन कोटींचं घर एक कोटीचं दाखवलंत तर सरकार म्हणणार, "बरं, एक कोटीला आम्हीच घेतो." मला हे गेम थिअरीच्या पुस्तकातलं उदाहरण वाटलं. प्रत्यक्षात खूप खटले झाले. १९९२ मध्ये सी. बी. गौतम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने योजना टिकवली, पण घेण्याआधी दोन्ही पक्षांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे असं सांगितलं. २००२ मध्ये ती गुंडाळली. मग त्याच कामासाठी रेडी रेकनर पुढे आला. करारात काहीही लिहा, मुद्रांक करारातली किंमत आणि सरकारी तक्त्यातली किंमत यांत जी जास्त तिच्यावर, आणि विकणाऱ्याच्या नफ्याचा हिशोबही त्या तक्त्याच्या खाली सहसा जाऊ द्यायचा नाही. २०१३ पासून पन्नास लाख आणि वरच्या घरांना एक टक्का टीडीएस. २०१५ पासून वीस हजार आणि वरचे रोख व्यवहार बंद. मग २०१६ ची नोटबंदी. एकावर एक पॅच.

मी काही फार भोळा नाही, 'वरचे' अजून कुठेकुठे चालतात ते ऐकतोच. पण आमच्या व्यवहारात एकही रुपया कागदाबाहेर गेला नाही. आजोबांची पागडी आणि आईच्या पाटल्या माझ्या वेळेला मुद्रांकाच्या चलनात दिसल्या, एवढंच. आणि त्या चलनासाठी बँक कर्ज देत नाही हे मला शीट करताना सुचलं नव्हतं. ८७ लाखांत ६५ कर्ज आणि २२ आपले, इतकं नीट जुळवलं होतं. त्यावर मुद्रांक ६ लाख ९ हजार, नोंदणी ३० हजार, एजंट घासाघीस करून एक टक्का म्हणजे ८७ हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजार (२००१ च्या सरकारी परिपत्रकाने ही कमाल मर्यादा आहे, त्याआधी सोसायट्या मनाला येईल ते मागायच्या), वकील आणि सर्च रिपोर्ट १८ हजार, बँकेचे स्वतःचे २१ हजार. झाले ७ लाख ९० हजार. रंग, नळ, वायरिंग अजून यायचंच होतं. म्हणजे ज्या दिवशी मी पोहे खात चौऱ्याऐंशी म्हणालो, त्या दिवशी माझ्या खिशात प्रत्यक्षात एकोणऐंशीच होते.

सोमवारी मी काकांकडे गेलो. आधी माफी मागितली. मग म्हटलं, दंड जो येईल तो निम्मा-निम्मा. काका म्हणाले, "निम्मा कशाला, कागद माझा आहे." पण चहा दिला.

आणि मग नशीब बघा. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क अभय योजना आणली, १९८० ते २०२० च्या जुन्या दस्तांसाठी. १९८० ते २००० मधल्या दस्तात तूट एक लाखापर्यंत असेल तर पहिल्या टप्प्यात शुल्क आणि दंड दोन्ही माफ. अट एकच, स्टॅम्पपेपर खरा हवा, अधिकृत विक्रेत्याचा. ही अट का, ते तेलगीला विचारावं. त्याने देशभर बनावट मुद्रांक विकले, २००१ मध्ये पकडला गेला, तीस वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगत असतानाच २०१७ मध्ये गेला. आता पुणेकर ऑनलाइन चलन भरतात त्याच्यामागे तो माणूसही आहे. तर अर्ज देताना कारकुनाने काकांचा पाच रुपयांचा कागद उलटा केला, मागचा विक्रेत्याचा शिक्का आणि सही भिंगाखाली पाहिली. काका इतका वेळ श्वास धरून उभे होते की मला त्यांना बसवावं लागलं. शिक्का खरा होता.

काकांनी घरी जाऊन सोसायटीच्या फळ्यावर खडूने नोटीस लिहिली. बाराच्या बारा फ्लॅटचे करार पाच रुपयांचेच निघाले. आठ जणांनी अर्ज केले. बाकीचे म्हणाले, आम्हाला कुठे विकायचंय?

आदेश आल्यावर घोषणापत्र करून, जुना करार त्याला जोडून, तो नोंदवून घेतला. विसारपावतीवरची साठ दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती, त्याबद्दल दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. आमची नोंदणी झाली २०२४ च्या एप्रिलमध्ये. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात चार तास, मग अंगठे, फोटो, सह्या. टीडीएसचे ८७ हजार कापलेले बघून काका पुन्हा एकदा तापले. "म्हणजे माझेच पैसे तुम्ही सरकारला दिलेत?" ते रिटर्नमध्ये परत दिसतील हे समजवायला पाऊण तास गेला.

सगळं झाल्यावर बँकेचा माणूस मूळ कागद ताब्यात घ्यायला बसला. कर्ज वीस वर्षांचं, तोवर फाइल त्यांच्याकडे. यादीतला पहिला कागद काकांचा पाच रुपयांचा करार. काका म्हणाले, "एक मिनिट," आणि तो घेऊन समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन प्रती होत्या. एक त्यांनी घडी करून खिशात ठेवली. दुसरी मला दिली.